पांढरी ट्रॉली

मालनला मी सोप्यात फरशीवर उताणी झोपवली होती आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरत होतो, तेवढ्यात शेजारच्या चंपाकाकी दारात आल्या. हातात शहाळं होतं. त्यांनी एकदा खाली पडलेल्या मालनकडे बघितलं, एकदा तिच्यावर वाकलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि शहाळं तिथंच टाकून असा हंबरडा फोडला की गल्लीच्या टोकाची पिठाची गिरणी बंद झाली.

"मालन गं! अशी कशी गेलीस गं बाई न सांगता!"

आमच्याकडे माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून खाली जमिनीवर घेतात. त्यामुळे काकींचं तसं काही चुकलं नव्हतं. मालननं डोळे उघडले, मान वळवली आणि म्हणाली, "काकी, अजून न्हाई. माप घ्याय लागल्यात माझं."

काकींनी तोंडावरचा पदर खाली घेतला. "कशाचं माप गं?"

"खाटंचं. ट्रॉलीत बसवायची हाय."

काकी मटकन खाली बसल्या. पाणी प्यायल्या, थोडं रडल्या, मालनच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, "हिंदुराव, डोकं ठिकाणावर हाय न्हवं तुमचं?"

नव्हतंच. त्या दिवसांत कुणाचं असतं?

मी ट्रॉल्या बनवणारा माणूस. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी पत्र्याची शेड होती. माझ्या ट्रॉल्यांतून ऊस गेला, विटा गेल्या, शेणखत गेलं, लग्नाची वऱ्हाडं गेली. माणसानं झोपायची ट्रॉली मात्र मी तोवर कधी केली नव्हती. ती करायची वेळ आली ती मिरजेच्या डॉक्टरांमुळे. पोट उघडून त्यांनी आतली गाठ बघितली आणि पोट परत शिवून टाकलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "घरी न्या आता. खावंसं वाटेल ते खाऊ द्या." या वाक्याचा अर्थ आपल्याकडे लहान पोरालाही कळतो. मालन कॉटवर डोळे मिटून होती, पण मी आत गेल्यावर तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "काय खाऊ द्या म्हणालं?"

घरी आणलं आणि माणसं बघायला यायला लागली. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जात नाहीत, बघायला जातात, आणि खरोखरच बघतात. खाटेभोवती खुर्च्या टाकून बसायचे. तिचे हात बघायचे, डोळ्यांचा पिवळेपणा बघायचे, एकमेकांकडे बघायचे. कुणाच्या तरी नणंदेला अगदी असंच झालं होतं, ते सांगायचे. ती नणंद शेवटी कशी गेली ते आठवलं की एकदम गप्प व्हायचे आणि बिस्किटाचा पुडा पुढे करायचे. मालन सगळ्यांशी हसून बोलायची. तिला रडताना मी पाहिलं नाही. मिरजेतही नाही आणि घरीही नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे येणाऱ्यांना दुसरीकडे बघायलाही काही नसायचं.

एक दिवस सगळे गेल्यावर ती म्हणाली, "मला कुठंतरी न्या."

"कुठं?"

"कुठंबी. जिथं मला कोण वळखत न्हाई. एक दिस तरी मला कुणी मराय लागल्याली बाई म्हणून बघू नये. बास. दुसरं काय नको मला."

लग्नाला तीस वर्षं झाली, तिनं माझ्याकडे कधी पातळ मागितलं नव्हतं. आणि मागितलं ते हे. पण न्यायचं कसं? फार वेळ बसवत नव्हतं तिला. लॉजवर गेलं तर लॉजवाला बघणार, वेटर बघणार. पाहुण्यांकडे जावं तर ते तर बघायलाच टपलेले. मग मी म्हटलं, माणसानं आयुष्यभर जे केलं तेच करावं. ट्रॉली करावी. खाट, चूल, पाणी सगळं आत. जीपच्या मागं जोडायची, एखाद्या माळावर नेऊन उभी करायची आणि दार लावून घ्यायचं.

मालन हसली. पण त्या संध्याकाळी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

पुढचा महिना आमच्या घरात आजार कुणाच्या फारसा ध्यानात राहिला नाही. मी शेडमधून आलो की ती खाटेवरून उलटतपासणी घ्यायची. खिडकी कितीवर घेतलीसा? झोपून बाहेरचं दिसाय पायजे. शेगडी दाराजवळ ठेवा, न्हाईतर फोडणीचा ठसका सगळ्या अंथरुणात. वर पाण्याची टाकी हाय म्हणताय, मग खरकटं पाणी कुठं जाणार? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नळी काढून खाली कॅन बसवला. धक्के बसू नयेत म्हणून चाकांवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगमधलं एकेक पान काढलं, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा मारला, आतून प्लायवूड, आणि मधे थर्माकोल भरला, म्हणजे ऊन आत येणार नाही. चटणीच्या बरणीला कठडा हवा म्हणाली, कठडा केला. मिसळणाच्या डब्याला खण केला. मिसळणातलं तिला काहीच पचत नव्हतं, तरी केला. पंखा बसवला, मच्छरदाणीला हुक मारले, चार कोपऱ्यांना चार जॅक लावले, म्हणजे उभी केल्यावर डुलणार नाही.

"आरसा कुठं लावू?" मी विचारलं.

"आरसा नको," ती म्हणाली, आणि पुढं पडद्याच्या कापडावर बोलायला लागली.

रंग तिनंच निवडला. मी निळा म्हणत होतो. ती म्हणाली, "पांढरा द्या. पांढऱ्याला ऊन लागत न्हाई." पांढरा दिला. खिडकीला पांढरेच पडदे, कडेला बारीक झालर. उन्हात उभी केली तेव्हा माझ्या शेडमधून इतकी देखणी वस्तू कधी बाहेर पडली नव्हती, हे माझे शत्रूही कबूल करतील.

निघायच्या सकाळी रंगराव आला. रंगराव म्हणजे मालनचा धाकटा भाऊ. जीप त्याची आणि चालवणारही तोच. मनानं सोनं, पण कुठलीही गोष्ट थोडक्यात करणं त्याच्या रक्तात नाही. तो नारळ घेऊन आला, लिंबू-मिरची घेऊन आला, उदबत्तीचा पुडा, झेंडूचे हातभर जाड हार आणि गुलालाची पिशवी घेऊन आला.

"रंग्या, ही काय गणपतीची मिरवणूक हाय काय?" मी म्हणालो.

"दाजी, नवी गाडी मोकळी रस्त्यावर काढायची नसत्या. तुम्ही गप ऱ्हावा."

त्यानं चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, समोरच्या पांढऱ्या पत्र्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, हार पुढून-मागून बांधले, आणि टपावर मूठ मूठ गुलाल उधळला. उदबत्त्या पेटवून खिडकीच्या फटीत खोचल्या. मालन खुर्चीत बसून बघत होती. "बास कर की येड्या," म्हणत होती, पण खुशीत होती. आम्ही दोघांनी तिला उचलून आत खाटेवर ठेवलं. ट्रॉलीत माणसं बसवून नेऊ नयेत हे मला ठाऊक होतं, पण जीपमध्ये बसवणं तिला झेपणार नव्हतं. मी तिच्या पायाशी बसलो. रंगराव जीपमध्ये.

जायचं होतं राधानगरीच्या वाटेवर, धरणाच्या फुगवट्याला, रंगरावच्या मित्राच्या माळावर. धक्का बसू नये म्हणून रंगराव बैलगाडीच्या चालीनं जीप चालवत होता, आणि मागच्यांना कळावं म्हणून त्यानं दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत ठेवले होते. मालननं पडदा सारला आणि कुशीवर वळून बाहेर बघायला लागली. उसाला तुरे आले होते. कारखाने सुरू झालेले, त्यामुळे रस्त्यावर गाड्याच गाड्या.

शहर सुटल्यावर समोरून एक मोटारसायकलवाला आला. त्यानं वेग कमी केला, एक हात छातीशी नेला आणि मान लववून गेला.

"रंग्याची वळख दिसत्या," मालन म्हणाली.

"असंल."

मग ऊसतोडणीच्या बायका लागल्या. कोयते खाली ठेवून त्यांनी हात जोडले. पुढं एका फाट्यावर एसटीची वाट बघत बसलेली माणसं उठून उभी राहिली आणि सगळ्यांनी नमस्कार केला. मालननं खाटेवरूनच हात जोडून नमस्कार घेतला. फाट्यावरच्या एका पोरीनं डोळे विस्फारून आईचा पदर ओढला.

"बघा तरी," मालन मला म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. "वळख ना पाळख, आन माणसं किती मायेनं हात जोडत्यात. आपल्या गल्लीतली मेली निस्ती डोळं फाडून बघत्यात."

मलाही तेव्हा बरंच वाटलं. नवी ट्रॉली बघून करत असतील, म्हटलं. मग वळणावर एक म्हातारा दिसला. तो डांबरावर थांबला, पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या, डोक्याची टोपी काढून हातात धरली आणि आमच्याकडे मान खाली घालून उभा राहिला.

पांढरी गाडी. झेंडूचे हार. गुलाल. खिडकीत जळणाऱ्या उदबत्त्या, आणि ही पाय ओढत चाललेली जीप. माणसं ट्रॉलीला नमस्कार करत नव्हती. मढ्याला करत होती.

मला वाटलं ओरडून रंगरावला थांबवावं आणि सगळं ओरबाडून टाकावं. पण थांबवलं तर मालन विचारणार, का? काय सांगणार होतो? मी उदबत्त्या उपटून बाहेर फेकल्या आणि पडदा ओढायला लागलो.

"धूळ येतीय," मी म्हणालो.

"येऊ दे की." तिनं पडदा माझ्या हातातून काढून परत सारला. "आज मला कोण बघाय येत न्हाई. आज मीच बघाय निघालीया."

आणि ती नमस्कार घेत राहिली. रस्ता भरून माणसं. प्रत्येकाला तिनं हात जोडले. मी तिच्या पायांवरची चादर नीट करत बसलो, कारण तोंड कुठं लपवायचं ते मला कळत नव्हतं. एवढंच म्हणत होतो की देवा, माळावर पोचेपर्यंत हिला कळू देऊ नको. तिथं पोचलो की मी सगळं धुऊन टाकतो.

पण एका गावाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि जीपही तापली होती. रंगरावनं बाजूला घेतली आणि बॉनेट उघडून पाणी ओतायला लागला. झाडाखाली एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकत बसली होती. ती उठून त्याच्याजवळ आली. आमची खिडकी तिथून चार हातांवर होती. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"कुठनं आणलंसा बाबा?" तिनं विचारलं.

"कोल्लापुरास्नं," रंगराव म्हणाला. त्याचं लक्ष पाण्यात.

"बाई हाय का बापय?"

"आत व्हय? बाई हाय. माझी आक्का."

"आई गं." म्हातारीनं चुकचुक केली. "मागं कोण हाय?"

"मागं दाजी हायत की. तिच्यापाशीच हायत."

"आन पोरं?"

"पोरं न्हाईत. दाजी एकटंच मागं."

मी खिडकीकडे हात नेला. मालननं माझं मनगट धरलं. तिच्या त्या वाळक्या हातात इतकं बळ कुठून आलं कोण जाणे. ती ऐकत होती.

"म्हंजे अहेव गेली म्हणायची," म्हातारी म्हणाली. "नशिबाची बाई. किती वय व्हतं?"

"व्हतं?" रंगराव पहिल्यांदाच वर बघत म्हणाला. "व्हतं म्हंजे?"

मग त्याच्या हातातला पाण्याचा डबा तिरका झाला आणि पाणी त्याच्याच पायांवर पडत राहिलं. तो वळून ट्रॉलीकडे बघत होता. हाराकडे, गुलालाकडे, आणि खिडकीकडे.

मालननं काच पूर्ण सरकवली. "मावशे," ती म्हणाली, "अजून गेली न्हाई मी. जायाचीया."

म्हातारी दोन पावलं मागं गेली. मग तिनं दोन्ही हातांनी आपलं तोंड बडवून घेतलं. "जळो माझं तोंड, जळो गं बाई! मला काय ठावं!" ती खिडकीशी आली आणि मालनचा हात धरून रडायलाच लागली. "मेल्याची हूल उठली की माणसाचं आऊक्ष वाढतं बग. माझ्या तोंडानं तुझं आऊक्ष वाढलं म्हण."

"नको गं," मालन म्हणाली. "वाढवू नको. हाय तेवढंच सरंना झालंय."

म्हातारीनं पदरातल्या मूठभर शेंगा तिच्या हातात कोंबल्या आणि पैसे न घेता निघून गेली. रंगरावनं हार ओढून तोडले आणि रस्त्याकडेच्या ओढ्यात फेकले. मग डबा डबा पाणी मारून गुलाल धुवायला लागला. गुलाल कसला जातो? पांढऱ्या पत्र्यावरून लाल ओघळ खाली येत राहिले. तो शर्ट काढून त्यानंच पुसत होता आणि पोरासारखा रडत होता. "आक्का, माझ्यामुळं. सगळं माझ्यामुळं."

"राहू दे रंग्या," मालन आतून म्हणाली. "लोकांनी बरोबरच वळखलं की."

परत जाऊया का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. घरी तरी काय होतं? माणसं खुर्च्या धरून बसली असतील, म्हणाली.

माळावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जागा होती तशीच होती, जशी आम्हाला हवी होती तशी. समोर धरणाचं पाणी, मागं डोंगर, आसपास माणूस नाही. मी चारी जॅक लावले, पायरी काढली, बाहेर दोन खुर्च्या मांडल्या. रंगरावला जीप घेऊन मित्राच्या घरी पाठवलं. शेगडी पेटवली, चहा केला. प्रत्येक वस्तू जिथल्या तिथं सापडत होती. बरणी कठड्यात होती, डबा खणात होता, खरकटं पाणी बरोबर कॅनमध्ये जात होतं. महिनाभर जुळवलेल्या त्या संसाराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेंगा तशाच मुठीत.

"चहा घे."

"ठेवा."

"बाहेर बसतीस? पाणी छान दिसतंय."

"नको."

मी खाटेच्या कडेला बसलो. तिच्याकडे बघत राहिलो. ती भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "नका बघू."

"मी कुठं बघतोय?"

"मिरजेपासनं बघताय. पेला हातात देताना बघताय. झोपल्यावर माझा श्वास चाललाय का, ते वाकून बघताय. मला काय कळत न्हाई?" तिचा आवाज चढला नव्हता. "रस्त्यावरच्या माणसांनी हात तरी जोडलं. तुम्ही निस्तं जोडत न्हाईसा. तेवढाच फरक."

ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मी तिच्याकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघायचं तेच विसरून गेलो होतो. तिला लोकांच्या नजरेतून सोडवायला मी इतकी खटपट केली आणि त्या नजरांतली सगळ्यात जवळची नजर बरोबर घेऊन आलो होतो.

"मग मी काय करू, मालन?"

तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

मी उठलो. बाहेर आलो. तिच्या खिडकीखाली खुर्ची ओढली आणि ट्रॉलीकडे पाठ करून बसलो. "मी हितं बसलोय," मी मोठ्यानं म्हणालो. "मागं वळत न्हाई. तू कशीबी ऱ्हा."

त्यानंतर ती दीड महिना होती. दुसऱ्याच दिवशी आम्ही घरी परतलो, आणि माणसं परत खुर्च्या टाकून बसली. तिनं सगळ्यांशी हसून बोलणं परत सुरू केलं, अगदी शेवटपर्यंत. ट्रॉली मी पुढं एका विहिरी खोदणाऱ्याला दिली, त्याची माणसं त्यात झोपायची. आता त्याला पुष्कळ वर्षं झाली. पण तिचा म्हणून जो एक दिवस होता, तो हाच, आणि त्यातलीही एवढीच संध्याकाळ.

ऊन उतरलं. पाण्यावर करडा रंग आला. पलीकडच्या काठानं कुणीतरी म्हशी हाकत घराकडे निघालं होतं. आत खाट करकरली. ती या कुशीवरून त्या कुशीवर झाली असणार. मग एक बारीक आवाज आला, पाणी नळीतून अडखळत यावं तसा. मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मालन रडत होती. आधी हळू, मग तोंड दाबून, मग न दाबता. मोठमोठ्यानं, आई आई म्हणत, पाय आपटत, लहान पोरगी रडते तशी. मिरजेपासून साचलेलं सगळं. माझं अंग आतून तिच्याकडे ओढत होतं. उठून आत जावं, जवळ घ्यावं, डोकं मांडीवर घ्यावं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी समोरच्या पाण्याकडे बघत बसलो आणि मागं वळलो नाही.